सातव्या नंबरचे तात्यासाहेब

शिवांजलीच्या लग्नाची पत्रिका कागदावर लिहिली असती, तर एका दुपारात उरकली असती. पण पोरगी पुण्यात, आत्या वाईला, थोरले चुलते तात्यासाहेब सांगलीला. म्हणून तिने मजकूर ऑनलाइन टाकला आणि वडिलांना बजावलं, "आप्पा, सगळ्यांना फक्त बघायला द्या, बदलायला नको."

"घरचीच मानसं हायत. त्यांच्यापुढं कुलूप कशाला लावू?" असं म्हणून रिटायर्ड सुभेदार कृष्णातरावांनी लिंक भावकीच्या ग्रुपवर सोडून दिली.

दोन दिवसांत 'आपले नम्र' खालची सात नावं तेरा झाली. बनुआत्याने आपल्या दिराला थेट वर बसवलं आणि पुढे 'माजी सरपंच' लावलं. ते बघून एका पुतण्याने स्वतःला 'भावी सरपंच' करून त्याच्याही वर घेतलं. प्रत्येक जण वरून शिरत होता आणि पहिल्या क्रमांकाचे तात्यासाहेब खाली सरकत सातवर आले होते.

कृष्णातरावांच्या तोंडचं पाणी पळालं. कारखान्याच्या निवडणुकीत दोघे भाऊ दोन पॅनेलात उभे राहिले, तेव्हापासून चार वर्षं थोरल्याने या घराची पायरी चढली नव्हती. शिवांजली पुण्याहून आली होतीच; आज पत्रिका बघायला म्हणून तात्यासाहेब येणार होते, आणि आलेच.

त्यांनी चष्मा लावून मोबाइल बघितला. "सातवा व्हय मी?"

"आवं दादा, म्या न्हाई केलं. शिवा, कुनी कवा काय बदललं ते समदं दिसतंय म्हनं. लाव टीव्हीवर."

"कुठपासून, आप्पा?"

"पार पयल्यापास्नं."

टीव्हीवर पहिलाच बदल उमटला. मंगळवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं, कृष्णात: तात्यासाहेबांचं नाव खोडलं.

कृष्णातराव टीव्हीचा रिमोट शोधू लागले. त्या सकाळी निवडणूक आठवून त्यांचं डोकं फिरलं होतं खरं. पण खोडलं की संपलं, अशी त्यांची भाबडी समजूत होती. शिवांजलीने घाईघाईने पुढचा बदल लावला. नऊ वाजून चौदा मिनिटं, कृष्णात: तेच नाव, सगळ्यात वर.

तात्यासाहेबांनी मधली मिनिटं बोटांवर मोजली.

"चारच मिन्टं?"

"व्हय, दादा."

"मला चार वर्सं लागली रं."

कृष्णातराव पोरीकडे वळले. "शिवा, दादांचं नाव वर घे आदी."

"ऱ्हाऊ दे सातवंच," तात्यासाहेब खुर्ची ओढून बसत म्हणाले. "आता त्या भावी सरपंचाला खाली घेतलं, तर त्यो चार वर्सं रुसंल."