सुतळीचा घोटा आणि माझा ओळंबा

सगळं झालं ते माझ्या एका वाक्यामुळे. "मोजायला मी बसतो," असं मी म्हणालो. त्या वेळी तोंडात घास होता, म्हणजे मला गप्प बसायला अगदी रास्त कारण होतं; पण कारण असताना गप्प बसणाऱ्यांतला मी नाही.

आमची मुलगी बारा वर्षांची. अंगानं अशी की घरात तिला सगळे सुतळीच म्हणतात. गेली पाच वर्षं ती बॅले शिकतेय आणि आता तिला पॉइंट शूज हवे होते. तुम्ही ते बूट पाहिले नसतील तर सांगतो. वरून गुलाबी, रेशमी, अगदी गोड. आत पुठ्ठा आणि खळ. पुढचं टोक ठोकळ्यासारखं सपाट, आणि त्या टोकावर, म्हणजे एका बिस्किटाएवढ्या जागेवर, अख्खी मुलगी उभी राहते. (मला पायजमा घालताना भिंत लागते.)

"वय झालं म्हणून बूट मिळत नाहीत," तिच्या नाचाच्या मॅडमनी आम्हाला बसवून सांगितलं होतं. "घोट्यात, पोटरीत, पोटात, पाठीत ताकद आलीय का ते आधी बघायचं. या वयात हाडं अजून वाढत असतात. घाई केली तर आयुष्यभराचं दुखणं."

तीन आठवडे घरी सराव, मग फिजिओथेरपिस्टबाईंची तपासणी आणि त्यांनी होकार दिला तरच बूट, असं ठरलं. घरच्या कुणीतरी रोज समोर बसून सराव बघायचा आणि तक्ता भरायचा.

"मी भरीन," बायको म्हणाली.

तेव्हा मी ते वाक्य बोललो. बोललो ते हौसेनं नव्हे, भीतीनं. 'आयुष्यभराचं दुखणं' हे शब्द ऐकल्यापासून माझ्या कानात दुसरं काही शिरतच नव्हतं. शिवाय माझा धंदाच भीतीचा आहे. मी लिफ्ट तपासतो. दोर, चाकं, ब्रेक सगळं पाहून 'सुरक्षित' असं लिहून देतो आणि मग स्वतः जिन्यानं उतरतो.

सराव साधाच होता. एका पायावर उभं राहून टाच पंचवीस वेळा उचलायची, गुडघा ताठ, घोटा आत कलंडू द्यायचा नाही. मग डोळे मिटून एका पायावर तोल सांभाळायचा. शेवटी पायाच्या बोटांनी गोट्या उचलून वाटीत टाकायच्या. जागा मी निवडली: बाल्कनी. उजेड भरपूर, धरायला कठडा आणि छताला एक रिकामा हूक. त्या हुकाला मी कामावरचा ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, टांगला.

"बाबा, हे काय?" सुतळीनं विचारलं.

"यानं लिफ्टचा खांब सरळ आहे की नाही ते कळतं."

"मी लिफ्ट आहे?"

"तू त्याहून नाजूक आहेस. उभी राहा. कठड्याकडे तोंड कर."

ती एका पायावर उभी राहिली, टाच उचलली. मी गुडघ्यावर बसलो, एक डोळा मिटला आणि पाहिलं. तिचा उजवा घोटा दोरीच्या रेषेपासून चांगला बोटभर आत गेला होता. मी श्वास आत ओढला. ती हलली. टाच टेकली.

"काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. (हे 'काही नाही' मी ज्या चेहऱ्यानं म्हणतो तो पाहून एका इमारतीतली सगळी माणसं एकदा जिन्यानं पळाली होती.)

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. उजवा घोटा आत. गोट्यांचीही तीच तऱ्हा. सुतळीनं बोट लावायचा अवकाश, गोट्या घरंगळत कोपऱ्यातल्या जाळीपाशी जाऊन बसायच्या. मी तक्त्यात लिहिलं, 'गोट्या निकृष्ट.' दोनदा नव्या आणल्या. नव्याही निकृष्ट निघाल्या.

घरात मी कुणाला काही बोललो नाही. पण भीती माणसाच्या अंगावर पुरळासारखी दिसते. कामावर मी माणसांचे चेहरे बघायचं सोडून घोटे बघू लागलो. एका सोसायटीत लिफ्ट तपासायला गेलो आणि तिथल्या वॉचमनला म्हणालो, "जरा बूट काढता?" त्या आठवड्यात मी चार लिफ्ट नापास केल्या. त्यातली एक अजून बसवलीच नव्हती.

बाराव्या दिवशी सुतळीनं सराव मध्येच थांबवला. कठडा धरून, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बाबा, मला बूट मिळणार नाहीत ना?"

"असं कोण म्हणालं?"

"तू रोज खाली वाकून बघतोस आणि मग त्या दिवशी मॅडमचं ऐकताना केलं होतंस तसं तोंड करतोस. वाकडा आहे का माझा पाय? खरं सांग. मी रडणार नाही."

तिची हनुवटी आधीच थरथरत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "अगं वेडे, छे" असं काहीतरी पुटपुटलो. माझा स्वतःचा आवाज मला एखाद्या खोट्या सर्टिफिकेटसारखा वाटला.

मग मात्र राहवलं नाही. सुट्टीच्या सकाळी बायको बाल्कनी धूत होती. दारात उभं राहून मी सगळं ओकलो. बोटभर घोटा, ओळंबा, आयुष्यभराचं दुखणं, काठी, चाकाची खुर्ची, म्हातारपणी आपण गेल्यावर तिचं कोण.

बायकोनं खराटा थांबवला. "अहो, तिला उभी कुठे करता?"

"इथेच. कठड्याकडे तोंड करून. रोज त्याच फरशीवर. मोजमापात फरक नको म्हणून."

बादलीतलं तांब्याभर पाणी तिनं माझ्या पायाशी ओतलं. पाणी क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं, मग माझ्या पावलांपासून सरसर निघून कोपऱ्यातल्या जाळीत गडप झालं. नेमकं गोट्या जायच्या तिथे.

"बाल्कनीला उतार असतो," बायको म्हणाली. "पाणी जावं म्हणून. सोळा वर्षांत एकदा जरी ही धुतली असतीत ना, तरी कळलं असतं. जगाच्या लिफ्टांना लेव्हल लावत फिरता आणि स्वतःच्या घरातली फरशी..."

पुढचं मी ऐकलं नाही. तुम्हाला वाटेल, मला हायसं वाटलं असेल. वाटलं ना, पाणी जाळीत जायला लागला तेवढा वेळ. पुढच्याच क्षणी नवी भीती उभी राहिली: म्हणजे पोरीचा पाय सरळ होता आणि मी बारा दिवस तिला उतारावर उभी करून तो वाकडा केला!

पुढचे नऊ दिवस सराव सपाट खोलीत झाला. (लेव्हल लावून. तीन ठिकाणी.) ओळंबा बायकोनं काढून घेतला. मी नुसता समोर बसून मोजायचो आणि मनातल्या मनात फिजिओथेरपिस्टबाईंपुढे काय कबुली द्यायची ते घोकायचो.

तपासणीच्या दिवशी दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. सुतळी गाडीतून उतरल्यापासून आईचा हात धरून होती. फिजिओथेरपिस्टबाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या आणि त्यांची बोटं माझ्या ब्रेक तपासण्याच्या हातोडीपेक्षा हुशार होती. त्यांनी घोटे वाकवले, तळवे दाबले, टाचा उचलायला लावल्या. पंचवीसच्या पंचवीस झाल्या. पाठ पाहिली. मला राहवेना.

"बाई, एक सांगायचंय. चूक माझी आहे. तिची नाही. मी तिला उतारावर..."

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बारा दिवसांत असं काही होत नाही. यापुढे सपाट जमिनीवर करा, एवढंच. घोटे अगदी सरळ आहेत."

सुतळीनं माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा हसली.

"आता शेवटचं," बाई म्हणाल्या. "एका पायावर, डोळे मिटून. तीस सेकंद."

सुतळी उभी राहिली. नऊ सेकंदांवर हलली, पाय टेकला. पुन्हा उभी राहिली. पुन्हा नऊ. तिसऱ्यांदा सात. तिच्या मानेवर घाम दिसू लागला. इतकं सगळं करून पोर इथे अडकणार?

बाई मात्र सुतळीकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्ही जरा बाहेर बसाल का?"

"मी? मी तर हललोसुद्धा नाही."

"तुम्ही श्वास आत ओढता. मोठ्यानं. तो ऐकला की ती दचकते."

"घरीपण असंच करतो तो," डोळे मिटलेल्या सुतळीनं माहिती पुरवली. "आता मी तोल सांभाळतच नाही. बाबा कधी श्वास घेतोय त्याचीच वाट बघते."

मी बायकोकडे पाहिलं. तिनं दाराकडे पाहिलं.

मी बाहेर येऊन बसलो. दाराला धुरकट काच होती. पलीकडे एक बारीक, उभी सावली तेवढी दिसत होती. मी मोजू लागलो. दहा. पंधरा. सावली हलेना. बावीस. तीस झाले. चाळीस झाले. ती रेघ आपली उभीच्या उभी. पन्नासला समोरच्या काउंटरवरची मुलगी घाईनं माझ्याकडे आली. "काका, बरं वाटत नाहीये का? निळे पडलात. श्वास घ्या."

मी घेतला. दार बंद होतं. आत कुणी हललं नाही.

बाहेर आली तेव्हा सुतळीच्या हातात कागद होता आणि पाय जमिनीला लागत नव्हते. 'घोटे उत्तम. ताकद पुरेशी. तोल एकसष्ट सेकंद. पॉइंट शूज सुरू करण्यास हरकत नाही.' आणि त्याखाली, दोनदा अधोरेखित करून: 'सरावाच्या वेळी वडील घरात नसावेत.'

त्यामुळे हल्ली रोज संध्याकाळी अर्धा तास मी आमच्याच दाराबाहेर पायरीवर बसतो. येणारे-जाणारे शेजारी विचारतात, "काय, किल्ली विसरलात वाटतं?"

मी हो म्हणतो. बारा वर्षांच्या मुलीला एका पायावर नीट उभं राहता यावं म्हणून वैद्यकीय सल्ल्यानं मला घराबाहेर काढलंय, हे सांगण्यापेक्षा विसराळू म्हणवून घेतलेलं बरं. काल वरच्या मजल्यावरच्या आजींनी कळवळून मला एक किल्ली अडकवायची दोरी आणून दिली. गळ्यात घालून बसलोय.