पंधरा घरांचा पाहुणा

शुक्रवारी सकाळी मास्तरांनी नवव्या गिऱ्हाइकाला "येतो की, नक्की येतो" म्हटलं, तेव्हा शेजारी काजं करत बसलेल्या त्यांच्या बायकोने सुई थांबवली.

"अहो, एक माणूस एका वेळी किती जणांच्या शेजारी बसू शकतो?"

"दोघांच्या," मास्तर म्हणाले. "एक डावीकडे, एक उजवीकडे."

"आणि तुम्ही नऊ जणांना हो म्हणून बसलात!"

मास्तरांनी मान खाली घालून मशीनचं चाक फिरवलं. बायकोच्या प्रश्नाला उत्तर नसलं की त्यांचं मशीन फार वेगाने चालायचं.

मास्तर म्हणजे चर्चच्या समोरच्या गाळ्यातले शिंपी. कपडे शिवून घ्यायचे ते दिवस होते. कापड आणून त्यांच्यापुढे टाकायचं, हात वर करून छातीचं माप द्यायचं आणि मग महिनाभर फेऱ्या मारायच्या. मास्तरांचा हात असा, की बापाचा कोट पुढे मुलानेही मिरवावा. आणि वायदा असा, की बापाने शिवायला टाकलेला कोट मिळायचा तो मुलालाच. माणूस लबाड नव्हता हो, पण समोरच्याचं तोंड पडलेलं त्यांना बघवत नसे. त्यामुळे 'नाही' म्हणायच्या ऐवजी ते 'उद्या' म्हणत, आणि उद्या उजाडला की एखादं दुखणं सांगत. पोस्टमास्तरांना कंबर, मेट्रनबाईंना ताप, हेडक्लार्कना कावीळ. कुणाला काय सांगितलं हे मात्र ते कधी विसरत नसत. मापांच्या वहीत, छाती आणि कंबरेच्या खाली, तेही बारीक अक्षरात टिपलेलं असे.

या खेपेचा घोटाळा सुरू झाला तो नव्या पाळकसाहेबांमुळे. त्यांना येऊन दोन महिने झाले होते, आणि दोन महिने ते अर्धी रिकामी बाकं बघत उपदेश करत होते. शेवटी त्यांनी जाहीर केलं, "आपल्या चर्चला पन्नास वर्षं झाली, पण आपल्या भिंतीपलीकडे कोण राहतं ते आपल्याला माहीत नाही. येत्या रविवारी प्रत्येक घराने एक शेजारी बरोबर आणायचा. रिकाम्या हाताने यायचं नाही."

मंडळीत घरं होती पंधरा. उपासना संपल्यावर पंधराही घरं विचारात पडली. शेजारी आणायचा, पण कोण? इतकी वर्षं तिथे राहून त्यांना गल्लीतल्या कुणाचं धड नावही ठाऊक नव्हतं. मग बाहेर पडता पडता प्रत्येकाची नजर समोरच्या गाळ्यावर गेली, आणि प्रत्येकाला वाटलं, अरे, हे तर आपल्या एकट्यालाच सुचलं! दुसऱ्याने पळवू नये म्हणून कुणी कुणाजवळ बोललं नाही.

शनिवारी दुपारपर्यंत चौदा घरं येऊन गेली होती.

"आता एकच करा," बायको म्हणाली. "कुणाकडेच जाऊ नका. घरात पडून राहा."

मास्तरांनाही ते पटलं. पण संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर काठी वाजली आणि बाई आत आल्या. चर्चच्या मागच्या शाळेत मास्तरांना अक्षर ओळखायला शिकवलं ते याच बाईंनी. त्यांची बहीण गेल्यापासून पहिल्या बाकाच्या एका टोकाला त्या एकट्याच बसत.

"उद्या येशील का रे माझ्याबरोबर?" त्यांनी विचारलं. "तुला वेळ असला तर हं."

लहानपणी शाळा नसेल त्या दिवशी ते चर्चच्या खिडकीखाली उभे राहून गाणी ऐकायचे. मोठे झाले, वडिलांचं मशीन चालवायला लागले, तरी रविवारी गाणं सुरू झालं की पायडलवरचा पाय आपसूक थांबायचा. आत बसून, बाईंच्या शेजारी, ते गाणं एकदा ऐकावं एवढीच त्यांची इच्छा होती. चाळीस वर्षांत तसं कुणी विचारलं नव्हतं. आणि आता विचारलं तर एकदम पंधरा जणांनी!

"येतो, बाई," ते म्हणाले. हे मात्र खरं होतं.

बाई गेल्यावर बायको बघतच राहिली. "आणि ते चौदा?"

"त्यांना माणसं देतो."

"कुठून?"

इथेच मास्तरांचं डोकं चाललं. मंडळीला गल्ली माहीत नसली तरी मास्तरांना गल्लीतला प्रत्येक माणूस कॉलरपासून पायाच्या घोट्यापर्यंत माहीत होता. रविवारी उजाडताच ते वही काखोटीला मारून निघाले. न्हावी, छत्रीवाला, घड्याळजी, इस्त्रीवाली, रिटायर झालेला कंडक्टर, एकेकाच्या दारात जाऊन हात जोडायचे. "एवढं माझं काम करा. तुमचा शर्ट सोमवारी देतो." असे सोमवारचे चौदा वायदे झाले, पण माणसं मिळाली. कोणाला कोणाकडे पाठवायचं तेही मास्तरांनी मापं बघून ठरवलं. पोस्टमास्तरांची छाती चव्वेचाळीस, तेव्हा त्यांच्या बाकावर बत्तीसचा छत्रीवाला. उगाच कुणी अवघडून बसायला नको.

"पण मास्तर का आले नाहीत म्हणून विचारलं तर?" कंडक्टरने विचारलं.

मास्तरांनी वही उघडली. ज्याला आजवर जे दुखणं सांगितलं होतं तेच पुढे चालू ठेवलं, म्हणजे बोलण्यात फरक नको. पोस्टमास्तरांसाठी कंबर. मेट्रनबाईंसाठी ताप. हेडक्लार्कसाठी कावीळ. बेकरीवाल्या मावशींच्या नावापुढे 'सासरे वारले' असं होतं. मास्तर जरा घुटमळले, मग म्हणाले, "तेच सांगा. दुःखातून अजून बाहेर आलो नाही म्हणावं."

हे सगळं उरकून मास्तर घरी आले तर घराला कुलूप. बायको कुठे गेली हे विचारायलाही वेळ नव्हता. स्वतःसाठी चार वर्षांपूर्वी कापलेला कोट दुकानात तसाच टांगलेला होता. अस्तर कच्च्या टाक्यांवर, आणि एका बाहीला पांढरा दोरा लोंबतोय. त्यांनी तोच अंगात घातला आणि रस्ता ओलांडला.

आत पहिलं गाणं संपून दुसरं सुरू झालं होतं. चर्च गच्च भरलेलं. मास्तरांनी पहिल्या बाकाकडे पाहिलं. बाईंच्या शेजारी त्यांची बायको बसली होती, आणि तिच्या शेजारी, सकाळच्या गाडीने लेकीकडे आलेले तिचे वडील! बाक भरलेलं होतं. बाई शिक्षिका होत्या. आपला विद्यार्थी वेळेवर पोचणार नाही हे ओळखून त्यांनी परस्पर त्याच्या घरी जाऊन बायकोलाच उचलून आणलं होतं.

मास्तर दाराशीच मागे फिरणार, तोच खांद्यावर हात पडला. पाळकसाहेब!

"कुणाचे पाहुणे तुम्ही?"

"तसा सगळ्यांचाच होतो," मास्तर पुटपुटले. "आता कुणाचाच नाही."

"मग माझे व्हा. सगळ्यांना सांगून मी स्वतःच रिकाम्या हाताने आलोय." असं म्हणून त्यांनी मास्तरांना मधल्या वाटेने पुढे नेलं आणि व्यासपीठाशेजारच्या खुर्चीत, साऱ्या मंडळीकडे तोंड करून बसवलं. लोक पुस्तकात डोकं घालून गात होते. मास्तरांनी बाहीचा पांढरा दोरा मुठीत धरला आणि जमेल तेवढं अंग चोरून घेतलं.

गाणं संपलं. पाळकसाहेबांनी दाराजवळची पेटी पुढे आणवून उघडली. कुणासाठी प्रार्थना हवी असेल त्याने येता येता त्या पेटीत चिठ्ठी टाकायची असा तिथला रिवाज होता.

"डोळे मिटू या," पाळकसाहेब म्हणाले आणि पहिली चिठ्ठी उघडली. "समोरच्या मास्तरांची कंबर धरली आहे. त्यांना जागचं हलता येत नाही. प्रभू त्यांना उठवो."

दुसरी चिठ्ठी. "समोरचे मास्तर तापाने फणफणले आहेत."

तिसरी. "आपले मास्तर काविळीने..." पाळकसाहेबांचा आवाज जरा मंदावला. त्यांनी तिरक्या नजरेने खुर्चीकडे पाहिलं. मास्तर स्वतःच्या चपलांकडे बघत होते. बाकांवर एकेक डोळा उघडू लागला. पोस्टमास्तरांनी उघडला. मेट्रनबाईंनी दोन्ही उघडले आणि पेशंटकडे बघावं तसं मास्तरांकडे बघितलं.

"चौथी," पाळकसाहेब म्हणाले. "मास्तरांचे सासरे वारले. त्यांच्या मुलीला..."

"कोण वारलं?" मास्तरांची बायको ताडकन उठली. "अहो, हे काय माझे वडील, माझ्या शेजारी बसलेत!"

सासऱ्यांना ऐकू जरा कमी यायचं. आपली ओळख करून देताहेत असं समजून ते उठले आणि सगळ्यांकडे वळून त्यांनी हसतमुखाने हात जोडले.

मग मात्र कुणाला आवरेना. आधी छत्रीवाला हसला, मग बेकरीवाल्या मावशी, आणि मग भिंती हादरतील असं सगळं चर्च हसू लागलं. इतकं हसू त्या छताखाली पन्नास वर्षांत झालं नसेल. मास्तर तेवढे हसत नव्हते. या वयात, बाईंच्या देखत, भर चर्चमध्ये आपली लाज गेली, आता इथे पुन्हा पाऊल टाकता येणार नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पाळकसाहेबांनी हात वर केला. उरलेल्या चिठ्ठ्या त्यांनी मनातल्या मनात वाचल्या. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "चौदा चिठ्ठ्या आहेत आणि चौदाही मास्तरांसाठी. मी आल्यापासून एका माणसासाठी एवढी प्रार्थना कुणी मागितली नव्हती."

मास्तर उठून उभे राहिले. बाहीचा दोरा मुठीतच धरून म्हणाले, "माझं चुकलं. मला काही झालेलं नाही. कुणालाच नाही म्हणवलं नाही. आणि खरं सांगू का, नाही म्हणायचंच नव्हतं. चाळीस वर्षं समोर बसलोय. हे पहिलंच बोलावणं होतं."

पोस्टमास्तर चष्मा पुसू लागले. पुढे पाळकसाहेबांनी वरिष्ठांना लिहिलं, की प्रत्येक घराने एक शेजारी आणला आणि कार्यक्रम यशस्वी झाला. मंडळीने एकच शेजारी बोलावला होता आणि बाकीची गल्ली त्याने आणली होती, एवढं काही त्यांनी लिहिलं नाही. पण ते नंतरचं.

बाईंनी काठीने बायकोला आणि सासऱ्यांना पलीकडे सरकायला लावलं. "इकडे ये. होते जागा."

मास्तर जाऊन बसले. बाज्यावर पुढचं गाणं सुरू झालं. खिडकीबाहेर ते लांबून आल्यासारखं वाटायचं. इथे ते बाकाच्या फळीतून पाठीत शिरत होतं.

"खिडकीखाली उभा असायचास," बाई हळूच म्हणाल्या. "मी बघायचे. मला वाटायचं, तुला बाहेरूनच ऐकायला आवडतं."

"आणि मला वाटायचं, बोलावल्याशिवाय आत यायचं नसतं."

"दार तर उघडंच होतं रे."

"हो बाई. पण दारातून कुणी 'ये' म्हटलं नाही ना."

गाण्याचं एक कडवं तसंच निघून गेलं. मग त्यांनी मास्तरांच्या हातावर हात ठेवला.

"ये," त्या म्हणाल्या. मास्तर शेजारी येऊन बसले होते, तरी म्हणाल्या.