सर्वांना पहिला बाक

आमच्या धाकट्या सुनेला एक खोड आहे. शेजारच्या पोराला ताप आला की ती आपल्या पोराला थर्मामीटर लावते, आणि पारा कमी भरला की तिला तो अपमान वाटतो. "आमचा कशात मागे आहे का?" हे तिचं ठरलेलं वाक्य.

थोरल्याची मुलगी भिंगरी आणि धाकट्याचा मुलगा पंडित एकाच वर्गात. नावं घरची, मीच ठेवलेली. पंडित पुस्तक दिसलं की घडाघडा वाचत सुटतो. भिंगरीला एकदा ऐकलेली गोष्ट शब्द न् शब्द आठवते, पण छापलेली अक्षरं तिच्यासमोर जागेवर उभी म्हणून राहत नाहीत. वर्गाच्या बाईंनी कुणाला न विचारता एक गुन्हा केला. भिंगरीला पहिल्या बाकावर, आपल्या टेबलाला लागून बसवलं. बाई ओळीखाली बोट धरायच्या, शब्द हळूच म्हणायच्या, मागोमाग पोरगी म्हणायची. थोड्याच आठवड्यांत तिने माझ्या खोकल्याच्या औषधाची बाटली वाचून दाखवली.

"आजी, हे जेवणानंतर घ्यायचंय गं."

मी वर्षभर जेवणाआधी घेत होते. "औषधाला काय घड्याळ कळतंय?" असं म्हणून मी वेळ मारून नेली, पण पोरीला कडेवर घ्यायची तेवढी बाकी ठेवली.

धाकटीच्या पोटात तेव्हापासून दुखायला लागलं.

पुढे पालकसभा भरली. थोरला आणि त्याची बायको कामावर, म्हणून भिंगरीच्या वतीने मी गेले. धाकटी उभी राहिली. "सर, पहिला बाक ही सवलत आहे. ती एकाच मुलीला का? आमच्या मुलांनी हुशार असण्याची शिक्षा भोगायची का?"

टाळ्या पडल्या.

"अगं, पण तिला वाचता येत नाही," मी म्हटलं.

"आई, तुम्ही मध्ये बोलू नका. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

माझी शाळा दुसरीत सुटली, तत्त्वापर्यंत धडा पोचलाच नाही. पण ते सापडलं की शेजारी बसलेलं माणूस दिसेनासं होतं, एवढं त्या दिवशी कळलं. 'पहिला बाक सर्वांना' हे ज्यांना पटतं त्यांना हात वर करायला सांगितले. सगळ्यांचे वर, माझा एक खाली.

मुख्याध्यापक समानतेचे भारी भोक्ते. त्यांनी आधी पहिल्या बाकाच्या पाळ्या लावल्या. पण एकाची पाळी नेमकी सुट्टीवर आली आणि त्याच्या वडिलांनी लेखी भरपाई मागितली. तेव्हा ठराव झाला की वर्गात दुसरा बाक असूच नये. सगळे बाक एका रांगेत, म्हणजे सगळेच पहिले. रांग खोलीत मावेना, म्हणून मधली भिंत पाडली. शेजारच्या वर्गाला 'तात्पुरतं' मैदानात बसवलं. तरी मावेना, तेव्हा रांग प्रयोगशाळेतून पुढे काढली, ती थेट पाण्याच्या टाकीपाशी जाऊन थांबली. उंचीप्रमाणे बसवणं अन्यायाचं, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. भिंगरी निघाली टाकीपाशी, पंडित तिच्या अलीकडे.

फळाही रांगेइतकाच लांब केला. बाई या टोकाला 'एक' लिहून निघायच्या, मध्ये कुठेतरी 'राजा' यायचा, आणि 'होता' लिहीपर्यंत त्यांना धाप लागायची. अलीकडच्या मुलांना कळायचं की कुणीतरी एक आहे. पलीकडच्यांना कळायचं की तो आता नाही. शाळेने बाईंना धावायचे बूट मंजूर केले.

तपासणीला साहेब आले आणि खूश होऊन गेले. त्यांनी शेरा दिला: 'या शाळेत मागे राहिलेले एकही मूल आढळले नाही.' कसं आढळेल? मागे भिंत होती.

बाई टाकीपाशी पोचायच्या तेव्हा घंटा व्हायची. भिंगरी पुस्तक दप्तरातून काढेनाशी झाली. मी औषधाची नवी बाटली तिच्यापुढे धरली, तर तिने ती न बघता परत केली. "आजी, तू पूर्वी घेत होतीस तसंच घे."

आणि चाचणीत पंडितही नापास झाला. रोज वाक्याचं शेपूट तेवढं बघून माणूस किती दिवस हुशार राहणार? बाईंनी निरोप पाठवला. "शाळा सुटल्यावर दोघांना माझ्या टेबलापाशी बसवा, बोट धरून वाचून घेते."

भिंगरी निरोप ऐकून उड्या मारायला लागली. धाकटीने चप्पल पायात सरकवली.

"माझा मुलगा? असल्या मुलांमध्ये? आई, मी आत्ताच्या आत्ता सरांकडे जाते आणि तो जादा वर्गच बंद करायला लावते. खिडकीतून कुणी पाहिलं तर? लोक हसतील!"

मी दारात आडवी उभी राहिले.

"चप्पल काढ," मी म्हटलं. "तुला सवलत हवी होती, अडचण नको होती. आता अडचण आपल्या पायांनी घरी आली, तर सवलतीची लाज वाटते होय? पंडित उद्यापासून भिंगरीशेजारी बसेल, आणि पोचवायला मी जाईन, वर्गाची खिडकी सताड उघडी ठेवून. आणि लोकांचं म्हणशील तर घाबरू नकोस. तुला हसणारे जे कोणी असतील ना, ते सगळे त्या सभेतलेच आहेत. हात वर केलेले."