कौसल्याबाईंच्या बाजरीतील लोहाची मोहीम

श्रीशारदा प्रसन्न. जालना शहरी महाविद्यालयाचे प्रयोगशाळेत अर्धा ग्रॅम बाजरीवर जी मोहीम जाहली, तिची हकीकत येणेप्रमाणे. लिहिणार आम्लाच्या धुराने खोकत होता, सबब वेड्यावाकड्या अक्षरास बोल न लावावा.

कुंभार पिंपळगावी कौसल्याबाई म्हणोन शेतकरीण. त्यांजपाशी सासूबाईंनी राखिलेले गावरान बाजरीचे वाण. अवघ्या गावाने संकरित बियाणे जवळ केले, बाईंनी हट्टाने वाण सोडिले नाही. मग महाविद्यालयाचे फर्मान सुटले की, किलोमागे सत्तर मिलिग्राम लोह भरेल तेच वाण बियाणे बँकेत राखावे, बाकीचे माघारी धाडावे. आपले मागे हे वाण पेरणारे कोणी नाही, हे बाईंस पक्के ठाऊक, म्हणोन जीव टांगणीस लागला. आणि प्रयोगशाळेस तोशीस नको, म्हणोन बाईंनी बाजरी घरीच बारीक कुटोन डब्यात भरोन रवाना केली.

प्रयोगशाळेच्या सरलष्कर संशोधक प्रियदर्शनीबाई. त्यांनी पांढरा कोट चढविला, आणि पीठ काचनळीत उतरविले, आणि वरोन नायट्रिक आम्लाचा मारा केला, मग नळी तापविली, मग तांबडा धूर ऐसा उठला की तीस वर्षांचे मुरब्बी शिपाई लालमियाँ खिडकी गाठिते जाहले. तीन तास झुंज होऊन पीठ नेस्तनाबूत, पाणी नितळ. ते यंत्रास नजर करिता आकडा आला तीनशे बारा. विभागप्रमुखांनी तत्क्षणी पेढे वाटिले.

लालमियाँ पेढा खाऊन अर्ज करिते जाहले, “मॅडम, इतकं लोखंड दाण्यात बिलकुल न्हाई निघत. सळईच्या कारखान्यात निघतं.”

आकडा लिहोन मोकळे व्हावे तर बाईंचे वाण वाचत होते, आणि पुसणारे कोणी नव्हते. प्रियदर्शनीबाईंस मोह बहुत जाहला, हे लपवीत नाही. परंतु मन खाऊ लागले, मग त्यांनी फोन करोन पुसिले की, बाजरी कुटली कशात?

“खलबत्त्यात की. लोखंडी हाय, सासूचा,” कौसल्याबाई वदल्या.

मग अख्खे दाणे घेऊन हजर होण्याचा हुकूम जाहला. बाई पदराच्या गाठीत दाणे बांधोन एसटीने दाखल जाहल्या, आणि चिनीमातीचे खलात कुटाई होऊन पुन्हा आम्ल, पुन्हा धूर, पुन्हा लालमियाँ खिडकीशी. बाई नळीवरली नजर हलवीनात. अखेर आकडा आला एकाहत्तर.

बाईंनी डोळे पुसिले. मग हिशेब मनी येऊन बोलल्या, “मंग बाकीचं समदं खलबत्त्याचं? खिचडीची बाजरी त्यातच कांडते मी. इतके साल आमी तेच खाऊन राह्यलोत.”

सरलष्करांनी वहीत एकाहत्तर मांडिले.

येणेप्रमाणे एका मिलिग्रामाने फत्ते होऊन वाण बँकेत दाखल जाहले. दुसऱ्यांदा पेढे आले नाहीत. खलबत्त्यावर दग्याचा गुन्हा शाबीत, परंतु शिक्षा तहकूब. सायंकाळी बाईंचे घरी खिचडी होती.