शुक्रवारचं प्रस्थान

शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूल असतो, म्हणजे त्या दिशेचा प्रवास वर्ज्य, आणि अकोला अमरावतीच्या पश्चिमेला आहे. या दोन्ही गोष्टींपुढे देवश्रीचा इलाज नव्हता. तिथल्या कॉलेजात नोकरीसाठी मूळ प्रमाणपत्रं दाखवायची होती, शुक्रवारीच, अकराला.

"प्रस्थान ठेवू," मोरोपंतांनी पंचांग मिटलं. "सामान गुरुवारीच पश्चिमेच्या घरी गेलं, की प्रवास गुरुवारी सुरू झाला. दिशाशूल संपला."

"बाबा, त्या सामानात माझी फाईल आहे!"

"म्हणूनच."

पिशवी कुंपणापलीकडे गोदाबाईंच्या घरी गेली. "जितकं लांब, तितकं उत्तम," मोरोपंतांनी जाता जाता ज्ञानही देऊन टाकलं.

शुक्रवारी सकाळी सातला देवश्री पिशवी आणायला गेली.

"थैली? थे तं मी कालच पलीकडच्या माणिकबाईकडे ठेवली," गोदाबाई म्हणाल्या. "काकाजीच म्हणे ना, जेवढं दूर तेवढं चांगलं. मंग मी काहून कमी करू?"

माणिकबाई सडा टाकत होत्या. "फिकर नको करू पोरी. आमचा ओमप्रकाश रोज सहाच्या गाडीनं अकोल्याले जाते ना, त्याच्याच हाती देली. याच्याहून दूर आता कुठं पाठवू?"

देवश्री रिकाम्या हातांनी एसटीत बसली. मूर्तिजापूर येईपर्यंत तिने ओमप्रकाशला सतरा फोन केले. अठरावा लागला.

"काहून घाबरून राहिली ताई? थैली मायापाशीच हाय. स्टँडवर आणून देतो."

साडेदहाला पिशवी हातात आली आणि आठ दिवसांनी नेमणुकीचं पत्र.

"प्रस्थानाचा गुण!" मोरोपंतांनी गल्लीभर सांगून टाकलं.

देवश्रीने पत्र त्यांच्यापुढे धरलं. "कामाचे दिवस सोमवार ते शनिवार, बाबा. म्हणजे दर शुक्रवारी अकोला."

ते काही बोलायच्या आत गोदाबाई डबा घेऊन दारात हजर. मागे लोणच्याची बरणी घेऊन माणिकबाई.

"काकाजी, आता दर गुरुवारी थैली निघन ना? माही लेक अकोल्यालेच दिली हाय. तिचा डबाबी त्यातच टाका."

"अन् हे बरणी माया बहिणीची," माणिकबाई म्हणाल्या. "फक्त सकाळी सहाले टेसनावर तुमी आणून देत जा. ओमप्रकाशले एवढं वजन झेपत नाही."

मोरोपंतांनी डबा पाहिला, बरणी पाहिली आणि घाईघाईने पंचांग चाळलं. "रोजच्या नोकरीला दिशाशूल लागत नाही. स्पष्ट लिहिलंय."

"कुठं लिहिलं?" गोदाबाईंनी विचारलं.

"शेवटच्या पानावर."

देवश्रीने पंचांग ओढून घेतलं. शेवटच्या पानावर हिंगाची जाहिरात होती. तिने ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि पंचांग मिटलं.

"हो काकू," ती म्हणाली, "लिहिलंय."