निरंक चालणार नाही

कोल्हापूर जिल्ह्यात दगडी कोळसा नाही. ही गोष्ट शाळेतल्या पोरांना माहीत आहे, त्यांच्या मास्तरांना माहीत आहे आणि जमिनीखालच्या खडकालाही माहीत असावी. माहीत नव्हती ती फक्त वरच्या कार्यालयाला. त्यामुळे एका सोमवारी जिल्ह्याच्या प्रादेशिक समतोल कक्षात परिपत्रक येऊन थडकले, की प्रत्येक जिल्ह्याने आपल्या आराखड्यात 'प्रकरण सात : कोळसा उत्खनन व पर्यावरण संरक्षण यांचा समतोल' हे पंधरा दिवसांत ऑनलाइन भरावे. निरंक माहिती स्वीकारली जाणार नाही.

हे काम आले नृसिंह शिंत्रेकडे. नृसिंह म्हणजे कक्षातला रचना सहायक. सव्वीस वर्षे नकाशे रंगवण्यात गेलेली. जंगलाला गडद हिरवा, शेतीला फिकट हिरवा, पाण्याला निळा. काळ्या रंगाची गरज त्याला कधी पडली नव्हती. त्याने प्रामाणिकपणे कोळशाच्या रकान्यात शून्य टाकले. पडद्यावर लाल अक्षरे उमटली, 'कृपया शून्यापेक्षा मोठा आकडा भरा.'

तो कक्षप्रमुख अभिराम साहेबांकडे गेला. "साहेब, आपल्याकडं कोळसाच नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "शिंत्रे, कोळसा नाही हे ठरवायचा अधिकार आपल्या कक्षाला आहे का?"

"नाही."

"मग? कोळसा आहे की नाही, हे पाहणारा विभाग वेगळा. आपलं काम समतोल राखायचं. एक हेक्टर टाका आणि मोकळे व्हा."

एक हेक्टर टाकायला गट नंबर हवा होता. नृसिंहला अख्ख्या जिल्ह्यातला एकच गट नंबर तोंडपाठ होता. भुदरगडाच्या बाजूला आंबेखोल नावाचे गाव आहे, तिथे त्याची थोरली बहीण आक्का दिलेली. दाजींच्या सातबाऱ्यावरचे नाव दुरुस्त करायला त्याने तीन वर्षे तलाठ्याचे उंबरे झिजवले होते, त्यात वरच्या सड्याचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठाराचा, गट दोनशे बारा डोक्यात घट्ट बसलेला. बोटांनी तो आपसूक टाइप केला. पडदा हिरवा झाला आणि 'अभिनंदन' म्हणाला. नृसिंहला बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पडदा पुन्हा लाल. 'समतोल बिघडला आहे.' एका बाजूला कोळसा एक हेक्टर, दुसऱ्या बाजूला हिरवळ हजारो हेक्टर.

"बरोबरच आहे की," साहेब म्हणाले. "एका पारड्यात चिमूटभर काळं आणि दुसऱ्यात अख्खा सह्याद्री. याला समतोल म्हणतात का? काळं वाढवा, हिरवं कमी करा."

"पण साहेब, तिथलं हिरवं जाईल त्याचं काय?"

"ते आपण इथं शहरात भरून काढू. रस्त्याच्या दुभाजकात कण्हेर लावू."

अशा रीतीने आंबेखोलचा सगळा सडा काळा झाला आणि पडदा शांत झाला. नृसिंहने घाबरून नोंद काढून टाकायचा प्रयत्न केला, तेव्हा उत्तर आले, 'खनिज कमी करण्याची सोय नाही. खनिज निसर्गनिर्मित आहे.' आराखड्यात काळा रंग आला म्हणजे खाणीला जागा राखीव झाली. कोळसा आहे की नाही, हे खणल्यावर कळणारच होते.

आठवड्याभराने आक्काचा फोन आला.

"नर्शा, आमच्या सड्यावर कोण तर माणसं चुन्यानं रेघा माराय लागल्यात. म्हणत्यात कोळशाची खाण हुणार. आरं, हितं कधी कोळसा बघितलास का तू?"

नृसिंह फोन घेऊन व्हरांड्यात गेला. तो एवढेच म्हणाला, "आक्का, सुनावणी लागंल. साहेबच येणार हायत. गावानं लेखी हरकत द्या."

"लेखी कशाला? समोर येणार हायत न्हवं? तोंडावर सांगतो की!"

गावाची बैठक बसली. प्रश्न साधा नव्हता. सड्याचा जांभा दगड पावसाळाभर पाणी पितो आणि ते झऱ्यातून वर्षभर सोडतो. आंबेखोलची माणसे, म्हशी आणि भात त्याच एका झऱ्यावर. सडा खणला की झरा गेला आणि झरा गेला की गाव उठले. म्हणून खाणीला एकमुखाने विरोध करायचा ठरले. पण पाहुण्याशी उपाशीपोटी भांडायचे, हे कोल्हापूरच्या मातीत बसत नाही. विरोधासाठी दोन बकरी पडली.

सुनावणी झऱ्याजवळच्या मांडवात झाली. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुके मटण आणि मधे मधे हरकती.

"घ्या पावणं, लाजू नगा," सरपंच तानाबाई वाढता वाढता म्हणाल्या, "आणि खाण काय आम्ही हू देणार न्हाय, आधीच सांगतो."

साहेबांनी तोंडातल्या घासासह मान डोलावली.

"हाडाचं घाला साहेबास्नी! आमची पोरंबाळं ह्या पाण्यावर जगत्यात, ध्येनात ठेवा."

साहेबांनी पुन्हा मान डोलावली. गावाला वाटले, झाले, काम फत्ते. आपले मीठ खाल्लेला माणूस आपल्यावर उलटेल कसा? आक्काने भावाच्या ओंजळीत झऱ्याचे पाणी ओतले. एप्रिलचा महिना, आणि पाणी दातांना लागेल इतके गार. ते पिताना नृसिंहला जी लाज वाटली, तशी उभ्या नोकरीत वाटली नव्हती. साहेबांनी त्याच पाण्याने हात धुतले आणि पाणी फार गोड आहे, असे मनापासून सांगितले.

चार दिवसांनी सुनावणीचा अहवाल निघाला. 'प्राप्त लेखी हरकती : निरंक. ग्रामस्थांनी सामूहिक भोजन देऊन योजनेचे उत्स्फूर्त स्वागत केले.' इथे मात्र निरंक चालले.

अहवाल वाचून नृसिंह साहेबांसमोर उभा राहिला. "साहेब, त्यांनी विरोध केलता. तुम्ही ऐकलात."

"शिंत्रे, मी ऐकलं, पण जेवताना ऐकलं. जेवताना ऐकलेलं नोंदवायला रकाना कुठाय?" मग साहेबांनी थोडी माया दाखवली. "नियमात अजून एक वाट आहे. जाहीर सूचना पेपरात आलीय. तीस दिवसांत जिल्ह्यातल्या शंभर नागरिकांनी लेखी हरकत दिली, तर प्रकरण वर परत जातं."

आंबेखोलमध्ये सज्ञान माणसे एकसष्ट. सगळ्यांनी सह्या, अंगठे दिले. उरलेल्या एकोणचाळीस सह्यांसाठी आक्का पिशवीत कागद घेऊन शहरात आली आणि पहाटे रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांना थांबवू लागली. तिथे पर्यावरणावर प्रेम नसलेला माणूस औषधालाही सापडत नाही. कुणी सड्याचा फोटो मागून घेतला आणि हात जोडलेल्या चित्रासह पुढे पाठवला. कुणी निसर्ग वाचलाच पाहिजे असे तिला पटवून दिले, जणू खाण तीच काढणार होती. एका वकिलांनी तर डोळे पुसले. सहीचा विषय निघाला की मात्र बहुतेकांना घरी पाणी जायची वेळ आठवे.

तरी आक्का मागे हटली नाही. शेवटच्या दिवशी पावणेसहाला ती कक्षात येऊन बसली. नृसिंहने सह्या मोजल्या. नव्याण्णव होत्या.

"एक कमी हाय, आक्का."

"मग तुझी कर की."

नृसिंहने टेबलावरचे पेन उचलले, टोपण काढले. आतल्या केबिनमध्ये साहेब खोकले. त्याने टोपण परत लावले.

"मला करता येत न्हाय. मी कर्मचारी हाय. नियम हाय."

असा नियम खरेच आहे का, हे त्याने कधी उघडून पाहिले नव्हते. आजही पाहिले नाही.

आक्का खुर्चीतून उठली. पदराने तोंड पुसून म्हणाली, "आसू दे. दुसरं कोण तर आसंल की. येवढं मोठं कोल्हापूर पडलंय."

ती दारातच उभी राहिली, रस्त्याकडे तोंड करून. शिपायाने एकेक खिडकी लावली. सहा वाजले. नोंदवहीत लिहिले गेले, 'आवश्यक संख्येइतक्या हरकती अप्राप्त.'

ती जाहीर सूचना तुमच्याही घरी आली होती. पान नऊ, साड्यांच्या सेलच्या जाहिरातीखाली. खाली हरकतीचा नमुना होता आणि नाव व सहीसाठी एक रिकामी ओळ सोडलेली होती. त्याच पानावर तुम्ही संध्याकाळी भडंग ओतून घेतलीत, वर बारीक कांदा पेरलात आणि लसूण जरा कमी पडलाय म्हणालात. त्या ओळीवर तेलाचा डाग पडला.