सेनोपातीचा चढता चार्ट

खरं म्हणजे चार्टची काही गरज नव्हती. सासऱ्यांकडे होले दोन, घुमण्याच्या स्पर्धेत टांगायचा एक. कुठला ते त्यांनी कान लावून ठरवलं असतं. पण रविवारी जेवताना मला राहवलं नाही. "बापाक, उगाच अंदाजानं कशाला? मी आकडेवारीनं सांगतो ना!" (तोंडात घास असताना बोलू नये असं आई सांगायची. तिला पुढचं दिसत असावं.)

सासरे म्हणजे पाक दार्सोनो. (बापाक म्हणजे वडील, पाक हे त्याचंच आखूड रूप.) घर, बायको आणि घुमणारा होला एवढं मिळालं की जावा बेटावरच्या पुरुषाच्या जन्माचं सार्थक झालं, असं मानणाऱ्यांतले. त्यांना तिन्ही मिळालं, वर जावई मी मिळालो. स्पर्धेच्या मैदानात पिंजरा दोरीनं ओढून उंच खांबावर चढवतात. ती दोरी त्यांनी लग्नापासून आजवर मला धरू दिलेली नाही. मी पिशवी धरायची, छत्री धरायची. दोरीला मात्र शेजारचा न्हावी. मला ती दोरी हवी होती. हसू नका, माणसाला हाव कशाची सुटेल ते सांगता येत नाही.

"ठीक आहे," सासरे म्हणाले. "तू निवड. दोरीही तूच ओढ. पण होला घुमला नाही, तर माझ्या पिंजऱ्यांच्या आसपास फिरकायचं नाही."

झालं! दोन्ही पिंजऱ्यांखाली मी दर सेकंदाला आवाजाची नोंद घेणारं यंत्र लावलं. म्हातारा क्याई आलुस स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात टांगलेला, आवाजानं मऊ. तरणाबांड सेनोपाती ओसरीच्या पुढच्या खांबाला, माझ्या आरामखुर्चीच्या बरोबर वर. होला आपणहून घुमत नाही, असा माझा समज. त्याला चुटक्या वाजवून, तोंडानं घुमून दाखवून चुचकारावं लागतं. ते कर्तव्य मी खुर्चीत बसून, कॉफी पीत, मनापासून पार पाडत होतो.

महिन्याभरानं सगळ्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये ओतल्या आणि चार्टचं बटण दाबलं. कॉम्प्युटरनं डोळे पांढरे केले.

"मास, भात वाढलाय," बायकोनं, रुस्मिनीनं, हाक मारली. ('मास' म्हणजे आमच्याकडचं 'अहो'.)

"चार्ट होतोय."

भात थंड झाला. चार्ट झाला तेव्हा पडद्यावर एक निळा ठोकळा उमटला. लाखो रेघा एकमेकींना चिकटून उभ्या, मधे सुई जायला जागा नाही.

"छान आहे," रुस्मिनी म्हणाली. "पडद्यांना घ्यायचंय का हे कापड?"

मी खचलो नाही. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून आहे आणि चार्ट काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. नळांच्या दाबाच्या अशाच लाखो नोंदी आमच्याकडे येतात आणि असाच ठोकळा होतो. त्यावर कचेरीत उपाय ठरलेला आहे: कमी दाबाच्या नोंदी फिल्टर लावून लपवायच्या. लपवलेल्या ओळी चार्टमध्ये येत नाहीत. चार्ट हलका होतो, रेघ वर चढते, साहेब खूश होतात. आमच्या कचेरीच्या भिंतीवरच्या चार्टमध्ये चोवीस तास पाणी असतं. नळाला का नसतं, ते दुसरं खातं बघतं.

तोच उपाय इथे केला. हळू आवाज म्हणजे कचरा, लपवा! ठोकळा विरला आणि सेनोपातीचे सुळके डोंगरासारखे उभे राहिले. क्याई आलुसच्या वाट्याला कोरी पाटी.

"म्हातारा महिनाभर घुमलाच नाही?" सासऱ्यांनी चष्मा पुसला. "मी तर रोज ऐकतो."

"ते मायेपोटी, बापाक. आकड्यांना माया नसते." (हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हणालो.)

स्पर्धेच्या दिवशी मी दोरी ओढली. काय सांगू, छाती अशी फुलली होती की सदऱ्याचं बटण तुटलं. आजूबाजूच्या खांबांवर होले घुमायला लागले. सेनोपाती मात्र वर बसून पंख साफ करत होता. मी चुटक्या वाजवल्या. त्यानं दुसरा पंख काढला. वही घेऊन पंच आमच्या खांबाकडे यायला लागले. सासरे माझ्याकडे बघत होते. मी पिशवीमागे तोंड लपवून घुमलो, "कुऽऽर... के..."

पंच थांबले. त्यांनी वर पाहिलं. मग खाली पाहिलं.

"पहिला सूर लांबलाय," ते शांतपणे म्हणाले, "शेवटचा 'कुंग' नाहीच. आणि नियमाप्रमाणे स्पर्धक पिंजऱ्यात असावा लागतो."

सासऱ्यांनी माझ्या हातातली दोरी काढून घेतली आणि न्हाव्याला दिली. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर रुस्मिनी कॉम्प्युटरसमोर बसली. "लपवलेलं सगळं बाहेर काढा."

"पुन्हा ठोकळा होईल गं."

"सगळा महिना एकदम कशाला हवाय? एकच आठवडा घ्या. तांदूळ काय पोतंभर एकदम निवडतात?"

घेतला. ठोकळा झाला नाही. रुस्मिनीनं सेनोपातीच्या सुळक्यांवर बोट ठेवलं. "हा सकाळी घुमतो. तुम्ही कचेरीत गेलात की बंद. तुम्ही आलात की सुरू. शनिवार-रविवार दिवसभर. मास, सरकारी सुट्ट्या पाळणारा होला तुम्ही कधी पाहिलाय?"

मी खुर्चीकडे पाहिलं. कॉफीच्या कपाकडे पाहिलं.

खाली, मी कचरा म्हणून लपवलेल्या जागेत, क्याई आलुसच्या बुटक्या, सारख्या टेकड्या होत्या. दिवसभर, न थकता. फक्त माझा सुळका सुरू झाला की त्या बंद पडत आणि मी थांबलो की पुन्हा सुरू होत.

"हा होल्यांचा चार्ट नाही," रुस्मिनी म्हणाली. "हे आपल्या घराचं चित्र आहे. तुम्ही सुरू झालात की बाकीचे गप्प."

सासऱ्यांनी तो चार्ट छापून मागितला. मला वाटलं, राग गेला. त्यांनी तो चौकटीत घालून ओसरीवर, आता तिथे आणलेल्या क्याई आलुसच्या पिंजऱ्यामागे टांगला आहे. स्पर्धेची मंडळी येतात, म्हाताऱ्याच्या टेकड्यांचं कौतुक करतात आणि मग हमखास विचारतात, "आणि हा उंच सुळक्यांचा पक्षी कुठला, पाक? विकायचा आहे का?"

सासरे दाणे टाकता टाकता, मान वर न करता सांगतात, "तो जावई. फुकट देतो म्हटलं तरी कोणी नेत नाही."